मेनूथमध्ये खोली शोधताना

आयर्लंडमध्ये उच्च शिक्षणासाठी जाताना विद्यापीठाचा प्रवेश, पैशांची तजवीज आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी कागदांवर चालतात; कागद पुरे असले की आज ना उद्या त्या मार्गी लागतात. राहण्याच्या जागेचे तसे नसते. ती मिळणे न मिळणे हे गाव कोणी वसवले, कोणासाठी वसवले आणि त्यात आज किती माणसे मावतात यावर ठरते. मेनूथमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेल्यावर खोली शोधण्याच्या निमित्ताने हे मला सविस्तर कळले. भौगोलिक माहिती प्रणाली हाच माझा विषय असल्यामुळे नकाशा पाहण्याची सवय होती. तरीही या गावाचा नकाशा मला प्रथम समजला तो घरांचे दरवाजे वाजवताना.

मेनूथ हे किल्डेअर काउंटीतील गाव डब्लिनच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर आहे. आयर्लंडचे एकमेव ‘विद्यापीठाचे गाव’ अशी त्याची ओळख सांगितली जाते. डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक ही शहरे आहेत आणि त्यांत विद्यापीठे आहेत. मेनूथमध्ये मात्र गाव आणि विद्यापीठ यांची तागडी जवळजवळ समान आहे. गावाची वस्ती सतरा हजारांच्या घरात, आणि विद्यापीठाचे विद्यार्थी पंधरा हजारांच्या आसपास. यांतील पुष्कळ जण डब्लिनहून किंवा आपल्या घरून रोज ये-जा करतात म्हणूनच हे गणित कसेबसे जमते. विद्यापीठाच्या आवारात रिव्हर अपार्टमेंट्स, राय हॉल अशा निवासाच्या इमारती आहेत, पण माझे प्रवेशाचे पत्र आले तोवर तिथल्या खोल्या भरून गेल्या होत्या. म्हणून ल्यूकन या डब्लिनच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका परिचित मराठी कुटुंबाकडे मी तात्पुरती उतरले. ल्यूकनमध्ये भारतीयांची वस्ती बरीच आहे, आणि तिथून सी-३ व सी-४ या बसगाड्या थेट मेनूथला जातात. त्या बसने रोज सकाळी जायचे, ठरवलेली घरे पाहायची आणि संध्याकाळी परतायचे, असा क्रम सुरू झाला.

माझ्या आधी तिथे शिकून नोकरीला लागलेल्या नाशिकच्या एका ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, “जाहिराती नंतर बघ. आधी गाव पायी फिरून घे, म्हणजे पत्ता वाचला की जागा डोळ्यांसमोर येईल.” हा सल्ला फार उपयोगी ठरला.

मेनूथचा मुख्य रस्ता सरळसोट आणि अठराव्या शतकाच्या मानाने चांगला रुंद आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला लिंडन वृक्षांच्या रांगांमधून जाणारी वाट कार्टन या जहागिरीकडे निघते. पश्चिमेच्या टोकाला जुना किल्ला आणि त्याला लागूनच सेंट पॅट्रिक्स कॉलेजचे प्रवेशद्वार. अशी आखणी आपोआप होत नाही. अठराव्या शतकात फिट्झजेराल्ड घराण्याने, म्हणजे किल्डेअरच्या अर्लांनी आणि पुढे ड्यूक ऑफ लिन्स्टर झालेल्या त्यांच्याच वंशजांनी, आपल्या वाड्याला शोभेल असे गाव मुद्दाम वसवले. कार्टनचा वाडा १७३९ पासून रिचर्ड कॅसल्स या जर्मन वास्तुकाराने नव्या रूपात उभा केला. विसाव्या शतकात सातव्या ड्यूकने जुगाराच्या कर्जापायी आपले वारसाहक्काचे उत्पन्न गहाण टाकले आणि घराण्याच्या हातून ही जहागीर गेली. आज तिथे आलिशान हॉटेल व गोल्फची मैदाने आहेत. गावाचा सांगाडा मात्र ड्यूकांचाच राहिला आहे. एका धन्यासाठी, त्याच्या कारभाऱ्यांसाठी आणि थोड्या व्यापाऱ्यांसाठी आखलेला रस्ता, आणि मागच्या बाजूला मिल स्ट्रीट, पार्सन स्ट्रीट, डबल लेन अशा मोजक्या गल्ल्या. या मूळ गाभ्यात भाड्याच्या जागा जवळजवळ नाहीतच. आहेत त्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, आणि त्या क्वचितच रिकाम्या होतात.

त्याआधीचा इतिहास पश्चिमेच्या टोकाला उभा आहे. १२०० च्या सुमारास बांधलेला मेनूथचा किल्ला ही किल्डेअरच्या अर्लांची राजधानीच होती, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्रज राजाच्या नावाने आयर्लंडचा कारभार प्रत्यक्षात हेच घराणे पाहत असे. १५१८ मध्ये नवव्या अर्लने किल्ल्याजवळ एक धार्मिक विद्यालयही स्थापन केले होते, ते थोड्याच वर्षांत बुडाले. बुडण्याचे कारण त्याचाच मुलगा ‘सिल्कन थॉमस’. वडिलांना लंडनच्या टॉवरमध्ये ठार केल्याची अफवा ऐकून त्याने जून १५३४ मध्ये डब्लिनच्या कौन्सिलसमोर राजाच्या अधिकाराचे प्रतीक असलेली तलवार खाली ठेवली आणि आठव्या हेन्रीविरुद्ध बंड पुकारले. मार्च १५३५ मध्ये सर विल्यम स्केफिंग्टनच्या तोफांनी मेनूथचा किल्ला पाडला. शरण आलेल्या शिबंदीची कत्तल झाली, आणि ‘मेनूथची माफी’ हा उपरोधिक वाक्प्रचार त्यावरून रूढ झाला. थॉमसला त्याच्या पाच काकांसह १५३७ मध्ये लंडनच्या टायबर्न येथे मृत्युदंड देण्यात आला. आज सिल्कन वेल या नावाची एक शांत निवासी वसाहत गावात आहे, आणि मी पाहिलेल्या पहिल्या घरांपैकी एक तिथलेच होते. ज्या बंडखोराच्या नावाने राजाचा संताप झाला, त्याच्या नावाखाली आता जोडघरे, कुंपणे आणि कचऱ्याचे हिरवे-निळे डबे आहेत.

त्या घरी जागा एक आणि पाहायला आलेले पुष्कळ. घर पाहणे याचा अर्थ आपल्याकडे आपण घराची पारख करणे. तिथे त्याच वेळी घरात आधीपासून राहणारे विद्यार्थी आपली पारख करत असतात. तुम्ही रात्री किती वाजता झोपता, स्वयंपाक किती वेळ करता, आठवड्याच्या शेवटी घरी जाता का, असे प्रश्न हसतखेळत विचारले जातात. यांतील शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मला आधी कळत नव्हते. आयरिश विद्यार्थी शुक्रवारी दुपारी बॅग उचलून आपल्या गावी जातो आणि रविवारी रात्री परततो. मला शनिवार-रविवारी कुठेच जायचे नव्हते, आणि ही गोष्ट काही घरांत माझ्या बाजूची व काही घरांत माझ्या विरुद्धची ठरली.

कॉलेजच्या दारातून आत गेल्यावर जागेच्या या टंचाईचे मूळ दिसू लागते. सेंट पॅट्रिक्स कॉलेजची स्थापना १७९५ मध्ये आयरिश संसदेच्या कायद्याने झाली. कॅथलिकांवरच्या जुन्या निर्बंधांमुळे आयरिश पाद्री पिढ्यान्‌पिढ्या युरोपातील महाविद्यालयांत शिकून येत असत. फ्रेंच राज्यक्रांतीने ती महाविद्यालये बंद पाडली, आणि तरुण पाद्र्यांनी क्रांतीचे विचार घेऊन परतण्यापेक्षा ते आपल्या नजरेखाली शिकलेले बरे, असे इंग्लंडच्या सरकारलाही वाटले. दुसऱ्या ड्यूक ऑफ लिन्स्टरने मेनूथमध्ये जागा देऊ केली. त्याच्या कारभाऱ्याचे घर, स्टॉइट हाउस, हीच कॉलेजची पहिली इमारत. तीन वर्षांनी, १७९८ च्या उठावात, याच ड्यूकचा सख्खा भाऊ लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड इंग्रजांविरुद्धच्या कटाचा एक नेता म्हणून पकडला गेला आणि तुरुंगात जखमांनी मरण पावला, हे पाहिले म्हणजे सरकारचा हिशेब किती बेभरवशाचा होता ते कळते.

पाद्री होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने भिंतींच्या आतच राहायचे, जेवायचे आणि शिकायचे, हा सेमिनरीचा नियम. म्हणजे विद्यार्थी वाढले की खोल्या वाढवाव्या लागत, आणि त्यासाठी पैसा लागे. १८४५ मध्ये मेनूथच्या विद्यार्थ्यांच्या दाटीवाटीचा आणि पडक्या इमारतींचा प्रश्न थेट वेस्टमिन्स्टरच्या संसदेत गेला. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी कॉलेजचे वार्षिक अनुदान सुमारे ९,००० पौंडांवरून २६,००० पौंडांवर नेण्याचे आणि इमारतींसाठी एकरकमी ३०,००० पौंड देण्याचे विधेयक आणले. प्रोटेस्टंट जनतेच्या करातून कॅथलिक पाद्री घडवायचे, यावर इंग्लंडमध्ये मोहोळ उठले. मंत्रिमंडळातील ग्लॅडस्टन यांनी राजीनामा दिला. पील यांचा पक्ष दुभंगला, तरी विधेयक मंजूर झाले. त्या पैशांतून ऑगस्टस प्युजिन यांनी आखलेला करड्या दगडांचा गॉथिक चौक उभा राहिला, आणि उंच शिखराचे भव्य चॅपल जे. जे. मॅकार्थी यांच्या आराखड्यानुसार शतकाच्या अखेरीस पुरे झाले. मी पहिल्यांदा त्या चौकातून फिरले तेव्हा घरांच्या जाहिरातींची यादी हातात होती, आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांवरून एका साम्राज्याचे मंत्रिमंडळ हादरले होते, ही माहिती मला त्या दिवसांत फारच दिलासादायक वाटली.

भिंतींआडच्या या जगाने काही विलक्षण माणसे घडवली. निकोलस कॅलन हे इथे विज्ञान शिकवणारे पाद्री होते. १८३६ मध्ये त्यांनी प्रवर्तन कुंडल, म्हणजे कमी दाबाच्या विजेपासून उच्च दाबाची वीज निर्माण करणारे साधन तयार केले. विजेचा जोर मोजायला त्या वेळी चांगली उपकरणे नव्हती, म्हणून ते विद्यार्थ्यांनाच झटके देऊन तो अजमावत. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श असाच झटका लागून बेशुद्ध पडले होते, असे सांगतात. कॅलन यांची उपकरणे कॉलेजच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवली आहेत. उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेसाठी १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले जॉन ह्यूम हेही इथेच पाद्री होण्यासाठी आले होते. तो मार्ग सोडून ते शिक्षक आणि मग राजकारणी झाले. उत्तर आवारातील एका मोठ्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

मग १९६६ मध्ये पाद्री न होणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला. माझ्या मते गावाच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच, १९७९ मधल्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीपेक्षाही मोठी. सेमिनरीतील विद्यार्थी ओसरत गेले, बाहेरचे विद्यार्थी वाढत गेले आणि १९९७ च्या कायद्याने पाद्र्यांचे कॉलेज आणि विद्यापीठ या दोन स्वतंत्र संस्था झाल्या. पण सेमिनरी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला छप्पर देत होती आणि विद्यापीठ हे काही तसे करू शकत नाही. त्यामुळे ज्या गावाला दीडशेहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांना आसरा देण्याची गरजच पडली नव्हती, त्या गावाच्या घराघरांवर एका-दोन पिढ्यांत ही जबाबदारी येऊन पडली. रेल पार्क, ग्रीनफील्ड, कॉलेज ग्रीन या वसाहती मुळात कुटुंबांसाठी बांधलेल्या आहेत. त्यांतील तीन-चार खोल्यांच्या घरात चार-पाच विद्यार्थी राहतात, किंवा कुटुंबाच्याच घरातील एक लहान खोली विद्यार्थ्याला दिली जाते.

मेनूथमध्ये जमत नाही असे दिसल्यावर मी रेल्वेमार्गावरची आजूबाजूची गावे पाहू लागले, आणि इथेही ड्यूकच भेटला. डब्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रॉयल कनालचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा कालवा आपल्या गावावरून न्यावा असा आग्रह ड्यूक ऑफ लिन्स्टरने धरला. त्यापायी मार्ग वळवावा लागला, लेक्स्लिपजवळ राय नदीवरून कालवा नेण्यासाठी प्रचंड खर्चाचा जलसेतू बांधावा लागला, आणि कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. १८४५ मध्ये एका रेल्वे कंपनीने कालवाच विकत घेतला आणि त्याच्या काठाने रूळ टाकले. आज डब्लिनच्या कॉनोली स्थानकातून मेनूथला पाऊण तासाच्या आत नेणारी गाडी त्याच काठाने धावते. स्थानकाच्या समोरच कालव्याचे जुने बंदर आहे, आणि काठावरून सायकलचा लांबलचक मार्ग झाला आहे. पश्चिमेकडील किलकॉक सायकलने अगदी जवळ. तिथे भाडे थोडे कमी होते, पण संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबावे लागणाऱ्या दिवशी हिवाळ्यातल्या अंधारात आणि पावसात त्या काठाने परतण्याची कल्पना मला सोसेना. किलकॉकची खोली मी नाकारली.

शेवटी जागा मिळाली ती ‘डिग्ज’ पद्धतीची. घरमालकांच्याच घरात एक खोली, स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक, आणि बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार एवढाच मुक्काम. पुण्याच्या पेठांमधील ‘कॉट बेसिस’ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ही व्यवस्था अर्धी ओळखीची वाटेल; फरक इतकाच की इथे घरमालकीण शेजारच्या खोलीत असते आणि दूरचित्रवाणी एकच असते. घरातील खोली भाड्याने दिल्यास वर्षाला १४,००० युरोपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून मुले मोठी होऊन बाहेर पडलेली कितीतरी कुटुंबे अशा खोल्या देतात. मला सात दिवस राहू देणारे घर हवे होते आणि तसे घर सापडायला वेळ लागला.

घरमालकीणबाई साठीच्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःला नावाने हाक मारायला सांगितले. वडीलधाऱ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ कित्येक आठवडे अडखळत राहिली. त्यांनी अटी चहाच्या टेबलावर बसून सांगितल्या. स्वयंपाक संध्याकाळी सातच्या आत उरकायचा, फोडणी देताना मागचे दार उघडे ठेवायचे, आणि आंघोळीनंतर ‘इमर्शन’ बंद करायचे. पाणी तापवणाऱ्या विजेच्या हिटरला तिथे इमर्शन म्हणतात, आणि तो चुकून चालू राहणे ही आयरिश घरातील गंभीर घटना असते. मोहरी-हिंगाच्या वासाबद्दल मी आधीच स्पष्ट बोलले होते. मला वाटते, इतरांच्या आधी माझी निवड होण्याचे तेच एक कारण असावे.

या पद्धतीची कायदेशीर बाजू मात्र तिथे जाणाऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे. स्वतंत्र घर भाड्याने घेणारा भाडेकरू कायद्याने संरक्षित असतो: त्याच्याकडून अनामत आणि आगाऊ भाडे मिळून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, घर सोडण्याची मुदत ठरलेली असते, आणि वाद झाल्यास निवासी भाडेकरार मंडळाकडे दाद मागता येते. मालकाच्याच घरात राहणारा विद्यार्थी या अर्थाने भाडेकरू नसतो. तो केवळ परवानगीने राहणारा मानला जातो आणि हे संरक्षण त्याला मिळत नाही. म्हणून महिन्याचे भाडे, अनामत, ती परत मिळण्याच्या अटी आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना हे सारे आम्ही साध्या कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवायचे नाहीत, हा नियम मी भारतातून निघतानाच केला होता; आमच्या वर्गातील एकाने ऑनलाइन पाहिलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या खोलीसाठी आगाऊ रक्कम भरली होती, आणि ती त्याला परत मिळाली नाही.

पत्ता मिळाल्यावर बाकीची चाके फिरू लागली. बँकेत खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो. नोकरीसाठी लागणारा पीपीएस क्रमांक काढायलाही तोच पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून चालणारी वीज-गॅसची बिले तर घरमालकिणीच्या नावाची. विद्यापीठाने दिलेले पत्त्याचे पत्र आणि घरमालकिणीचे सहीचे पत्र या दोन कागदांवर माझे काम झाले. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते; ग्रंथालयाच्या वाटेवरच्या एका उपाहारगृहात ते मिळाले.

मे महिन्याच्या अखेरीस ही खोली सोडावी लागली. उन्हाळ्यात स्पेनमधून इंग्रजी शिकायला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी तिथली कित्येक घरे खोल्या राखून ठेवतात, आणि आमच्या बाईंनीही हे सप्टेंबरातच सांगितले होते. पण त्याच सुमारास पदवीचे विद्यार्थी गाव सोडतात आणि वसाहतींतील घरे अर्धी रिकामी होतात. सप्टेंबरात जिथे रांग लागत होती, तिथे जूनमध्ये घरातले विद्यार्थीच फोन करून ‘कधी येतेस’ असे विचारत होते. रेल पार्कमधील अशाच एका घरात मी इतर तिघींबरोबर राहायला गेले. प्रबंध सप्टेंबरात द्यायचा असल्यामुळे करार वर्षभराचा करावा की तीन महिन्यांचा, यावर आम्ही बरीच घासाघीस केली, आणि पुढल्या वर्षी जागेसाठी वणवण नको म्हणून अखेर वर्षभराचाच केला. त्या करारावर मात्र भाडेकरू म्हणून चौघींचीही नावे आहेत.